तूरडाळीखालचा आकडा

आमच्या घरात चिडका स्वभाव माझा आणि शांत स्वभाव ह्यांचा, अशी लग्नापासूनची वाटणी आहे. तेव्हा हे मी रागातच लिहितेय, आधीच सांगून टाकते. राग एका वाणसामानाच्या दुकानावर आहे आणि तेवढाच माझ्या स्वतःवर आहे. दुकानावर ओरडणं सोपं, म्हणून तिथून सुरू करते.

आम्ही बडोद्यात तरसालीला राहतो. सासरे रेल्वेत होते म्हणून घर इथे आलं आणि इथलंच होऊन गेलं. हे छाणीच्या पलीकडे रसायनांच्या एका कारखान्यात चौतीस वर्षं ऑपरेटर होते आणि मी सरकारी कचेरीत काउंटरवर. आता दोघंही घरी. रिटायर झाल्यावर ह्यांनी एक काम आपणहून मागून घेतलं, ते म्हणजे वाणसामान आणायचं. मी कशाला नाही म्हणतेय? आयती सुटका झाली.

ह्यांचं कारखान्यातलं काम काय, तर मीटर वाचणं. टाकीचं तापमान, पाइपातला दाब, दर तासाला. त्याची एक रीत होती. आतला माणूस फोनवर विचारणार, बाहेर मीटरपाशी उभा असलेला आकडा वाचणार, आतला तोच आकडा मोठ्याने परत म्हणणार, बाहेरचा ‘बरोबर’ म्हणणार, आणि मगच तो आकडा खरा. दोघांचे आकडे जुळले नाहीत तर पुन्हा जाऊन बघायचं. आणि तरी जुळले नाहीत तर वाचणारा चुकला, असं धरायचं. मीटरवर संशय घ्यायचा नाही. मीटर तपासून त्यावर शिक्का मारणारं खातं वेगळं होतं, आणि त्यांनी शिक्का मारला की विषय संपला. “मीटर खोटं बोलत नाही, माणसाचं लक्ष चळतं,” हे वाक्य मी लग्नानंतर पहिल्या महिन्यात ऐकलं आणि पुढे इतक्यांदा ऐकलं की त्याला जावई करून घ्यावं.

ती आकडा परत म्हणायची सवय घरीसुद्धा आली. “दूध दीड लिटर,” हे म्हणायचे आणि माझ्याकडे बघत उभे राहायचे. मी “दीड लिटर” म्हटल्याशिवाय पाऊल उचलायचे नाहीत. सुरुवातीला गंमत वाटली. मग एके दिवशी मी तडकले, “मी काय पोपट आहे का हो?” तेव्हापासून त्यांनी माझ्याकडून ते ‘परत म्हणणं’ मागितलं नाही. स्वतःच दोनदा म्हणायचे, हळू आवाजात. दीड लिटर, दीड लिटर, बरोबर.

आमच्याकडे मकरपुऱ्याच्या रस्त्याला एक मोठं दुकान आहे. नाव सांगत नाही, उगाच फुकटची जाहिरात कशाला! तिथे आधी कागदाच्या पट्ट्यांवर भाव लिहिलेले असायचे. मग एकदा सगळे कागद गेले आणि प्रत्येक मालाखाली छोट्या इलेक्ट्रॉनिक पट्ट्या आल्या. पांढऱ्या पाटीवर काळा आकडा. हे पहिल्या दिवशी घरी आले ते लग्नाच्या वरातीतून आल्यासारखे खूश. “अगं, काय स्वच्छ आकडा दिसतो! फसवाफसवीला जागाच नाही. अगदी आमच्या पॅनेलसारखं.” त्या दिवशी डाळ-तांदळाबरोबर अर्धा तास त्या पट्ट्यांचं कौतुक माझ्या पदरात पडलं.

माझ्या मनात तेव्हा आलं होतं, की मांडवीतला आमचा जुना वाणी काय वाईट होता? डाळीच्या ढिगात पुठ्ठ्याचा तुकडा खोचलेला असायचा. भाव वाढला की तो पेनाने जुना आकडा खोडायचा आणि खाली नवा लिहायचा. खोडलेला आकडा दिसायचा. म्हणजे गेल्या आठवड्यात काय होता आणि आज किती चढवला, ते समोर. त्यावरून भांडताही यायचं. पण मी बोलले नाही. माणूस खूश आहे तर असू दे म्हटलं.

ह्यांची जायची वेळ ठरलेली, संध्याकाळी साडेपाच. धान्याची मांडणी दारातच आहे, त्यामुळे तूरडाळ पहिल्यांदा पिशवीत पडायची. मग सगळं दुकान हिंडायचं, साबणाच्या पट्ट्यासुद्धा वाचायच्या, आणि साडेसहाच्या सुमारास पैसे द्यायचे. घरी आले की मी बिल बघायची आणि हे भाव सांगायचे. चहाबरोबरचा तो आमचा खेळच होता.

एका संध्याकाळी हे म्हणाले, “तूरडाळ एकशे अठ्ठेचाळीस.”

मी बिल बघून म्हटलं, “एकशे एकोणसाठ.”

“नाही गं. अठ्ठेचाळीस. मी दोनदा वाचलं.”

“मग बिल काय माझ्या माहेरचं आहे?” मी म्हटलं. “लक्ष कुठे असतं तुमचं?”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हे मुद्दाम स्कूटर काढून दुकानात जाऊन आले. साडेसात वाजता परत आले आणि खुर्चीत बसून बूट काढता काढता म्हणाले, “एकोणसाठच आहे. माझंच चुकलं.” मी म्हटलं, असू दे, होतं असं. तेव्हा खरंच काही वाटलं नाही.

पुढच्या आठवड्यात शेंगदाणे. त्याच्या पुढच्या आठवड्यात सिंगतेल, म्हणजे आपलं शेंगदाण्याचं तेल, तब्बल बावीस रुपयांचा फरक. दर वेळी हे एक आकडा सांगायचे आणि बिलात दुसरा निघायचा. दर वेळी पैसे देऊन झाल्यावर परत मांडणीपाशी जाऊन बघायचे, तर पट्टीवर बिलातलाच आकडा. आणि ह्यांचं शास्त्र तर ठरलेलं! दोन आकडे जुळले नाहीत, परत जाऊन पाहिलं, पट्टी आणि बिल एक म्हणतायत आणि मी वेगळं म्हणतोय. म्हणजे चुकला कोण? वाचणारा. दुसरा कोणी असता तर पहिल्याच दिवशी काउंटरवर हात आपटला असता. आमच्या ह्यांनी स्वतःवर संशय घेतला. चौतीस वर्षांची नोकरी अशी अंगात मुरते.

आणि मी? मी त्या आगीत तेल ओतत होते, तेही सिंगतेल. “चष्म्याचा नंबर तपासून घ्या,” म्हटलं. तपासला. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, नंबर अजिबात बदललेला नाही, दृष्टी छान आहे. घरी येताना रिक्षात हे चष्म्याची डबी उघडत-मिटत बसले. मी बापडी खूश, की चला, नव्या काचांचा खर्च वाचला. मला कळलंच नाही की डोळे चांगले निघाले हीच ह्यांच्यासाठी सगळ्यात वाईट बातमी होती. डोळ्यांत दोष नाही, मग तो वर डोक्यात असणार.

ह्यांचे थोरले भाऊ विस्मरणाच्या आजाराने गेले. शेवटी शेवटी ते स्वतःच्या घराच्या दारात उभे राहून बायकोला विचारायचे, “बाई, इथे कोण राहतं?” त्यांचीही सुरुवात आकड्यांपासून झाली होती. सुट्टे पैसे मोजता येईनात, गाडीचा नंबर आठवेना. ह्यांनी ते सगळं जवळून पाहिलं होतं. आपणही त्याच रस्त्याला लागलो, असं ह्यांनी मनाशी ठरवून टाकलं आणि मला सांगितलं नाही.

एके दिवशी बघते तर वाणसामानाची पिशवी खुंटीला आणि तिच्यात स्कूटरची किल्ली. “आता तूच जात जा,” म्हणाले. “का?” तर म्हणे कंटाळा आला. मग हळूहळू शब्दकोडं सुटलं, पेपर मोठ्याने वाचून दाखवणं सुटलं. गॅस बंद आहे ना, हे तीन तीनदा बघायला लागले. एका सकाळी न्हाणीघराच्या दारावरून जाताना आतून पुटपुटणं ऐकू आलं. मी कान लावला. एकोणतीस एके एकोणतीस, एकोणतीस दुणे अठ्ठावन्न. पाण्याचा नळ सोडून माणूस एकोणतीसचा पाढा म्हणून बघत होता, डोकं शाबूत आहे की नाही ते. मी दाराबाहेर टॉवेल धरून तशीच उभी राहिले.

पुण्याला लेकीला फोन केला. ती म्हणाली, “आई, वेळ घालवू नकोस, डॉक्टरांना दाखव.” मेंदूच्या डॉक्टरांची पुढच्या गुरुवारची वेळ घेतली. ह्यांना सांगितलं तर हे नुसते “बरं” म्हणाले. वाद नाही, काही नाही. मला तो “बरं” अजून ऐकू येतो.

दरम्यान मी सामान आणायला लागले होते. मी बाई सकाळची, अकराच्या आत जाऊन यायची. पट्टीवरचा भाव आणि बिलातला भाव, तीन आठवडे, दर वेळी तंतोतंत एक. म्हणजे माझ्या दृष्टीने शिक्कामोर्तबच झालं, की दुकान बरोबर आणि माझा नवरा चुकतोय. मी हे त्यांना सांगितलंसुद्धा. “बघा, मला कसं नाही चुकत,” असं. जीभ झडली कशी नाही माझी!

मग तो सोमवार. सकाळी नळ दुरुस्तीवाला येतो म्हणाला आणि दुपारी तीनला उगवला. त्यामुळे मला दुकानात जायला संध्याकाळ झाली. धान्यापाशी उभी होते. तूरडाळीखाली एकशे अठ्ठेचाळीस. एक किलोचं पाकीट पिशवीत टाकलं, आणखी एक घ्यावं का म्हणून हात पुढे केला, तर पट्टी लुकलुकली. अर्धा क्षण सगळी काळी झाली आणि परत पांढरी झाली. आकडा एकशे एकोणसाठ. बाजूची मूगडाळ लुकलुकली. शेंगदाणे लुकलुकले. सगळी रांगच्या रांग, एकामागून एक. मी घड्याळ पाहिलं. बरोबर सहा.

मला आधी काय वाटलं सांगू? आनंद. इतका आनंद की त्या डाळीच्या पाकिटाचा मुका घ्यावा. ह्यांचं डोकं ठीक आहे! आणि मग दुसऱ्याच क्षणी डोक्यात अशी तिडीक गेली की मी तिथेच ओरडले, “अरे, कोण आहे रे इथे?”

मॅनेजर आला. गळ्यात ओळखपत्र, तोंडावर हसू. मी सांगितलं काय पाहिलं ते. तो गुजरातीत म्हणाला, “बेन, भाव तो सिस्टममांथी आवे छे.” म्हणजे भाव सिस्टममधून येतो, त्याच्या हातात काही नाही. रोज सकाळी आणि संध्याकाळी सहाला बदलतो, कधी मध्येही बदलतो. बिलाच्या वेळी जो असेल तो घेतला जातो.

“आणि मी पिशवीत टाकला तेव्हाचा भाव?”

“एमआरपीनी अंदर ज छे ने, बेन?”

छापील किमतीच्या आतच आहे ना! म्हणजे भाजी निवडताना कोणी हळूच पिशवीत हात घालावा आणि वर म्हणावं, सगळी कुठे नेली? ‘सिस्टम’ या शब्दाची मला नवलाई नाही. मी स्वतः काउंटरवर बसून वर्षानुवर्षं लोकांना तो शब्द तोंडावर फेकला आहे. समोरचा माणूस त्यावर कसा गप्प होतो ते मला पक्कं ठाऊक आहे. त्या दिवशी काचेच्या दुसऱ्या बाजूला मी होते.

तो म्हणाला, बिलात अकरा रुपये कमी करतो. मी म्हटलं, “तुझे अकरा रुपये घाल चुलीत. माझ्या नवऱ्याला मी येत्या गुरुवारी मेंदूच्या डॉक्टरांकडे नेतेय, तुझ्या या पट्टीपायी. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली आम्ही आमच्याच घरात. आता ते येतील इथे, आणि तू त्यांना स्वतःच्या तोंडाने सांगायचंस की त्यांनी बरोबर वाचलं होतं.” हे सगळं निम्मं मराठीत, निम्मं गुजरातीत. दहा-बारा गिऱ्हाइकं जमली. एक बाई म्हणाली, तिच्याही तेलाचं असंच झालं होतं, पण तिला वाटलं आपणच नीट पाहिलं नाही. तेव्हा आणखी दोघींनी माना डोलावल्या.

मी घरी फोन लावला. “अहो, आत्ताच्या आत्ता दुकानात या. रिक्षाने या.” पंधरा मिनिटांत आले, घरातल्या चपला पायात तशाच. मला काहीतरी झालं असं वाटलं असणार त्यांना. मी त्यांना तूरडाळीपुढे उभं केलं आणि मॅनेजरला म्हटलं, “बोल.”

त्याने गर्दीकडे पाहिलं, मग ह्यांच्याकडे. “काका, तमे बराबर ज वांचेलुं,” म्हणाला. तुम्ही बरोबरच वाचलं होतं. “भाव बदलाई जाय छे.”

ह्यांनी वाकून पट्टी पाहिली. मला वाटलं आता चिडतील, निदान आज तरी. ह्यांनी शांतपणे विचारलं, “बदलल्यावर आधीचा आकडा कुठे दिसतो?” तो म्हणाला, कुठे नाही. “किती वाजता बदलला, ते?” तेही नाही. “बदलतो कोण?” वरून येतो, हेड ऑफिसमधून. ह्यांनी मान हलवली. “आमच्याकडे आकडा बदलला तर जुना खोडून, वेळ टाकून, सही करावी लागायची. नाहीतर मेमो मिळायचा,” म्हणाले. मॅनेजर “हा काका, हा काका” करत राहिला. त्याला यातलं काहीही ऐकायचं नव्हतं.

रिक्षात मी अखंड बोलत होते. ग्राहक मंचात जाईन, लेकीला सांगेन, पेपरात छापून आणीन. आणि सुटलो एकदाचे, गुरुवारचं रद्द करू. हे बाहेर बघत होते. तरसालीच्या वळणावर म्हणाले, “अगं, एक विचारू? एकदा तरी तुला वाटलं का, की मी बरोबर असेन?”

मला खोटं बोलता आलं असतं. चाळीस वर्षांच्या संसारात तेवढं येतं. पण खरं सांगायचं तर एकदाही वाटलं नव्हतं. पट्टीवर विश्वास ठेवला, बिलावर ठेवला, दुकानातल्या त्या हसऱ्या माणसावरसुद्धा ठेवला. ज्या माणसाने आयुष्यभर प्रत्येक आकडा दोनदा वाचला, त्याला मी विचारलं काय, तर लक्ष कुठे असतं तुमचं.

ग्राहक मंचात मी खरोखर तक्रार टाकली आहे. उत्तर यायचं आहे. दुकानाने काय केलं, तर दारात चिकटपट्टीने एक कागद लावला: बिलाच्या वेळचा भाव ग्राह्य धरला जाईल. एवढी इलेक्ट्रॉनिक पट्ट्यांची श्रीमंती, पण ही सूचना मात्र कागदावर, कारण ती त्यांना बदलायची नाही. वाचून माझा असा संताप झाला की तो फाडावा. ह्यांनी हात धरला.

गुरुवारी आम्ही डॉक्टरांकडे गेलोच, ह्यांनीच रद्द करू दिलं नाही. डॉक्टरांनी शंभरातून सात सात वजा करायला लावलं, चित्रं ओळखायला लावली, गोष्ट सांगून परत सांगायला लावली. शेवटी म्हणाले, “काका, तुमची स्मरणशक्ती माझ्यापेक्षा चांगली आहे.” मी बाहेर येऊन देवाला हात जोडले, लेकीला फोन केला, येताना जिलबी घेतली. मला वाटलं, संपलं सगळं.

संपलं नाही. पिशवी अजून खुंटीलाच आहे. स्कूटरवर धूळ बसली, शेवटी शेजाऱ्यांना वापरायला दिली. मी म्हणते चला दुकानात, तर माझ्याबरोबर येतात, पण पट्टी वाचत नाहीत. डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं, मॅनेजरने चारचौघांत कबूल केलं, तरी जे गेलं ते आलं नाही. बिलात अकरा रुपये कमी झाले तेवढे झाले.

काल सकाळी मी पोह्यांना फोडणी देत होते. हे दिवाणखान्यात भिंतीवरच्या घड्याळासमोर उभे होते, जेवणाच्या ताटाएवढं मोठं घड्याळ, सासऱ्यांच्या वेळचं. बराच वेळ त्याच्याकडे बघत होते. मग म्हणाले, “साडेआठ झाले.” आणि तिथेच थांबून स्वयंपाकघराच्या दाराकडे, माझ्याकडे बघत राहिले.

मी गॅस बंद केला. हात पुसत बाहेर आले, त्यांच्या शेजारी उभी राहिले आणि घड्याळ नीट पाहून मोठ्याने म्हटलं, “साडेआठ.”

“बरोबर,” ते म्हणाले, आणि मग आंघोळीला गेले.